देव परत कुठ्ठाळीला जाईल का?

पत्र

ताई, नमस्कार.

मी गोव्यात प्रियोळला राहते, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वय ४३. गेली सहा वर्षं एक कादंबरी-मालिका लिहितेय, पाच भागांची. १६८४ च्या जानेवारीत औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज रामघाट उतरली म्हणून संभाजीराजांना गोव्यातून मागे फिरावं लागलं. माझ्या मालिकेत ती फौज घाटमाथ्यावर दीड महिना अडकते आणि जुनं गोवं मराठ्यांच्या हाती पडतं. तिथून थेट १९६१ पर्यंतचा, न घडलेला गोवा मला लिहायचा आहे.

पहिला भाग पूर्ण झाला, ४१२ पानं. दुसरा भाग १६८४ ते १७०७ चा. त्याची नऊ प्रकरणं झाली आणि चौदा महिने मी तिथेच आहे. रोज पहाटे बसते, पण लिहिते ती वही. वहीत बदललेला इतिहास सनावळीने मांडलाय. सुभेदारांच्या याद्या, वंशावळी, नाणी, नकाशे. संभाजीराजांना मी संगमेश्वरला पकडू दिलेलं नाही, ते १७१२ पर्यंत राज्य करतात. वही २६० पानांची झाली. नवऱ्याने परवा विचारलं, "कुठवर आलं?" मी म्हटलं, "१८२० पर्यंत." तो म्हणाला, "वही नव्हे गं, कादंबरी." मला रात्रभर झोप लागली नाही.

शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, मुलांना खरा इतिहास येत नाही, तू खोटा कशाला लिहितेस? एका प्रकाशकांनी पहिला भाग मागितलाय, तो आत्ताच द्यावा का? संवाद कोकणीत घ्यावेत की मराठीत? आणि मी पुढे जातेय की नाही हे मोजायचं तरी कसं? आमच्या इथला देव मंगेश परत त्याच्या मूळ गावी, कुठ्ठाळीला, न्यायचा का, हेही ठरायचंय. पण ते तिसऱ्या भागात बघू म्हणून बाजूला ठेवलंय.

सोबत दुसऱ्या भागाचं पहिलं, सातवं आणि नववं प्रकरण जोडलंय.

— प्रियोळची एक लिहिती

उत्तर

प्रिय बाय,

तुझी तिन्ही प्रकरणं दोनदा वाचली. एकदा नुसती, एकदा पेन्सिल घेऊन. नवव्या प्रकरणाच्या शेवटी तुझी यमुना घाण्यावरून आलेलं तेल मापाने मोजून देवळाच्या बुधल्यात ओततेय. बाहेर सभामंडपात महाजनांची, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक चाललीय. तिला आवाज ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. तेल ओतताना ती मध्येच थांबते, बुधला अर्धाच भरलेला, आणि प्रकरण संपतं. चौदा महिने तू या ओळीवर उभी आहेस.

त्या बैठकीत काय बोलणं चाललंय, हे तुला ठाऊक आहे. पत्राच्या शेवटून तिसऱ्या वाक्यात तू ते लिहिलंसही, आणि लगेच "तिसऱ्या भागात बघू" म्हणून झाकून टाकलंस. सुभेदारांच्या याद्या, नाणी, नकाशे हे सगळं त्या एका वाक्याकडे न बघण्यासाठी चाललंय असं मला वाटतं. ही तुझ्या कष्टांची निंदा नव्हे. २६० पानं भरायला काय लागतं ते मला कळतं. पण माझं म्हणणं आधीच सांगते: तुझं दहावं प्रकरण म्हणजे ती बैठक, आणि मंगेशाचा प्रश्न हाच तुझा दुसरा भाग आहे.

आता जरा मागे जाऊ. तू इतिहासाला वळण दिलंस ती जागा उत्तम निवडलीस. अशा लेखनात नवखा माणूस मोठा बदल करतो. राजा बदलतो, नाहीतर हातात नसलेली तोफ देतो. तू फक्त दीड महिन्याचा उशीर केलास. जयंत नारळीकरांनी पानिपत मराठ्यांनी जिंकल्याची कथा लिहिली, तीही फिरते विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या एका गोळीवर. बदल जितका लहान तितका वाचक तुझ्याबरोबर येतो, कारण "हो, असं होऊ शकलं असतं" असं त्याला आपलं आपण वाटतं. आणि इथे ते खरोखरच होऊ शकलं असतं. पोर्तुगीजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर फोंड्याचा कोट घ्यायला आला आणि हात हलवत परतला. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटी साधून मराठे जुवे बेटावर चढले. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः चालून गेला आणि जखमी होऊन कसाबसा जीव वाचवून परतला. मग त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड त्या शवापाशी ठेवला, की आता शहर तूच राख. एखाद्या राज्याचा मुख्य अधिकारी असं करतो तेव्हा त्याच्याजवळ दुसरं काही उरलेलं नसतं. गोवं पडायला अंतर होतं ते काही दिवसांचं. शाहआलम आला आणि ते दिवस मिळाले नाहीत.

पहिला भाग तू भराभर लिहिलास, कारण तिथे पायाखाली कागद होते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून पणजीच्या पुराभिलेखांतून जे बाहेर काढलं, ते तुझ्या टेबलावर होतं. दुसऱ्या भागात कागद संपतात. (जाता जाता एक गोष्ट वहीत लिहून ठेव. १५९५ मध्ये दिओगो दु कौतो ज्या दप्तराचा पहिला राखणदार झाला, ते दप्तर तुझ्या जगात राहिलं असतं का? पोर्तुगीज पळताना काय काय जहाजात भरतील? ज्या कागदांवर तुझा पहिला भाग उभा आहे, ते तुझ्याच कथेत लिस्बनला गेले असतील किंवा मांडवीत बुडाले असतील. यावर कधीतरी एक स्वतंत्र प्रकरण होईल.) तर कागद संपले आणि तू घाबरलीस. मग स्वतःच कागद तयार करायला बसलीस. वहीत तुला १७९० चा सुभेदार कोण ते माहीत आहे, पण येत्या कार्तिकात यमुनेच्या घरचं तेल देऊळ घेणार की नाही, ते माहीत नाही. वाचकाला जाणून घ्यायचं आहे ते दुसरं.

आता मंगेशाकडे येऊ. तू रोज त्या वाटेने जातेस, म्हणून तुला हे सगळ्यांत जड जातंय, मला कळतं. पण नीट मांडून बघ. १५६० मध्ये कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, देव अघनाशी, म्हणजे आजची जुवारी नदी, ओलांडून प्रियोळला आला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत. म्हणजे हिंदूंनी आपला देव एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात सुरक्षित आणून ठेवला, हेही कुठेतरी यायला हवं. तुझ्या तीन प्रकरणांत ते मला दिसलं नाही. शिवाजीराजांनी फोंडा घेतला १६७५ मध्ये. तुझी बैठक १६८४ ची. देव येऊन १२४ वर्षं झालीत आणि मराठ्यांचं राज्य येऊन अवघी नऊ. पाच पिढ्या गेल्या. स्थलांतर डोळ्यांनी बघितलेला कोणीही जिवंत नाही, पण ते बघितलेल्या माणसाच्या मांडीवर बसून ऐकलेलं कोणीतरी म्हातारं असेल. त्या म्हाताऱ्याला बैठकीत बसव. तो म्हणेल, आम्ही इथे पाहुणे म्हणून आलो होतो. नदी मोकळी झाली, आता चला.

आणि मग बाकीचे बोलतील. ज्या प्रियोळकरांनी जागा दिली त्यांचे वंशज म्हणतील, गरज होती तेव्हा आमचं गाव चाललं, आता नको? ज्यांनी इथे कुळागरं उभी केली ते म्हणतील, माड-पोफळी काय पालखीत घालून न्यायची? कोणी विचारेल, देवाला विचारलंत का? म्हणजे कौल. कौल कोण लावणार, आणि तो काय येणार, हे आधीच कुणी ठरवलंय का? आत यमुना तेलाचा बुधला धरून उभी आहे. तिच्या सासरचे देवाबरोबरच नदी ओलांडून आलेले. देवळाच्या दिव्यांवर त्यांचा घाणा चालतो, घाण्यावर घर चालतं. देव गेला तर घाणा जातो. देवाबरोबर परत गेले तर कुठ्ठाळीला त्यांची जमीन कुठे आहे?

तिथे तुझा खरा गुंता आहे, आणि तो तू टाळलास. कुठ्ठाळी रिकामी नाही. जे गेले नाहीत ते ख्रिस्ती होऊन तिथेच राहिले, तीच गांवकारी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार, चालवतायत, तीच खाजनं, म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची शेतं, कसतायत, तेच बांध दर पावसाळ्यात दुरुस्त करतायत. यमुनेच्या नवऱ्याच्या खापरपणजोबाचा एक भाऊ तिथे राहिला असेल. त्याचा खापरपणतू आज पेद्रू असेल, आणि मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणारं, दार कधी उघडायचं, कधी लावायचं हे त्याला भरती-ओहोटीवरून कळत असेल. प्रियोळच्या घरातलं ते ज्ञान पाच पिढ्यांत पुसलं गेलं. आता हे लोक परत येऊन म्हणतील, ही जमीन आमची. पेद्रू काय म्हणेल? मला तर त्याचं वाक्य ऐकू येतं: "तुमी देवाक घेवन गेले, आमी शेताक रावले."

सातव्या प्रकरणात तुझ्याकडे ख्रिस्ती माणूस एकच आहे. तो पाद्री आहे आणि तो दुष्ट आहे. बाय, हे मला रुचलं नाही, आणि स्पष्ट सांगते. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून होतं, त्याचा जाच खराच होता, त्याबद्दल हातचं राखून लिहू नकोस. पण १६८३ च्या डिसेंबरात गोव्यातल्या साष्टी आणि बारदेशात मराठी फौजा शिरल्या तेव्हा गावं लुटली गेली, चर्चही सुटली नाहीत, हेही घडलेलंच आहे. त्या महिन्यात पेद्रूच्या घरी काय झालं? तुझं राज्य त्या लुटीनंतर सुरू होतं. ज्यांची घरं लुटली गेली ते आता या राज्याची रयत आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्याकडून सारा कोण वसूल करणार, आणि तो माणूस त्यांच्या दारात कसा उभा राहणार? त्याच्याकडे पेद्रूच्या बायकोने कसं बघितलं, एवढं लिहिलंस तरी सातव्या प्रकरणाचा सूर बदलेल.

हा प्रश्न तुझ्या कल्पनेतलाच नाही, हेही लक्षात घे. आपल्याकडे तो एकदा खरोखर आला होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर कोणतीही आडकाठी उरली नव्हती. मंगेश गेला नाही. अशीच हललेली शांतादुर्गा कवळ्यालाच राहिली. वेर्ण्याला म्हाळसेच्या जुन्या जागी अलीकडे नवं देऊळ उभं राहिलं, पण म्हार्दोळची म्हाळसा म्हार्दोळलाच आहे. म्हणजे खऱ्या इतिहासाने चारशे वर्षांनंतर "नाही" असं उत्तर दिलंय. १२४ वर्षांनंतर तेच उत्तर आलं असतं का? मला खात्री नाही, आणि तुला नाही म्हणूनच हे लिहिण्याजोगं आहे. आमची कुलदेवता म्हाळसा. माझी आजी म्हार्दोळला दर्शन झालं की बाहेर येऊन वेर्ण्याच्या दिशेला एकदा हात जोडायची. मी लहानपणी विचारलं, तिथे काय आहे? ती म्हणाली, "ती सुवातय तिचीच न्हय गे?" तेव्हा तिथे देऊळ नव्हतं. आजी कधी वेर्ण्याला गेलीही नव्हती. जे तिच्या जोडलेल्या हातांत होतं ते १६८४ मध्ये केवढं ताजं असेल, याचा विचार मी तुझं पत्र आल्यापासून करतेय.

दोन्ही वाटांची किंमत बघ. देव गेला, तर तू रोज बघतेस ते देऊळ तुझ्या जगात कधीच तसं होणार नाही. त्याचं आजचं थाटाचं रूप अठराव्या शतकापासूनचं, मराठेशाहीतल्या लोकांनी दिलेल्या आधारावर वाढलेलं. ती सात मजली दीपमाळ नाही. तळं आहे, पण त्याच्या काठाला कोणी बसत नाही. गावाला कदाचित मंगेशी हे नावही उरणार नाही, म्हणजे १९०० मध्ये तिथे जन्मलेल्या दीनानाथांचं आडनाव मंगेशकर झालं नसतं, आणि लताबाईंचंही. (आणि हो, दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात, १६८४ च्या साली, तू यमुनेला त्या दीपमाळेखाली उभी केली आहेस. ती काढ. तिथे लाकडी खांब आणि मातीच्या पणत्या असू देत. यमुनेचं तेल त्यातच जळतंय.) देव गेला नाही, तर ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर वाट पाहिली त्याला काय सांगायचं? ज्या राज्याने नदी मोकळी केली त्याचा उपयोग काय झाला?

तू मधला मार्ग काढशील, अशी मला धास्ती आहे. वर्षातून एकदा पालखी नदीपलीकडे जाईल, दोन्ही गावं मिळून उत्सव करतील, पेद्रू बांधावर उभा राहून पाहील. गोड चित्र आहे. पण दहाव्या प्रकरणात ते आलं तर मालिका तिथेच संपली समज. माणसं तिथे पोचतीलही, पण शंभर वर्षं भांडून, खटले लढून, थकून. तुझ्या चौथ्या भागात ते आलं तर वाचक रडेल. दुसऱ्या भागात ते फुकटात मिळालेलं असेल.

काय ठरवायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही. फक्त दहाव्या प्रकरणात ठरव.

संभाजीराजांबद्दल तू विचारलं नाहीस, पण वहीत त्यांना १७१२ पर्यंत जगवलंस हे वाचून थांबले. १६८९ चा फेब्रुवारी-मार्च आठवला की प्रत्येक मराठी माणसाला ते करावंसं वाटतं. मलाही वाटतं. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्यांना वाचवलंस म्हणून औरंगजेब दिल्लीला परत जात नाही. तो १७०७ ला मरेपर्यंत दख्खनमध्ये होता, आणि त्याच्या हाती न लागलेला राजा म्हणजे अधिक लांबलेलं युद्ध. ते युद्ध पैशांवर चालणार. तुझ्या जगात राजांच्या हाती मांडवीचं मुख आहे, म्हणजे जहाजांची जकात आहे, आणि साष्टीचा सारा आहे. तेव्हा राजा वाचला याची खूण कुठ्ठाळीच्या शेतात दिसायला हवी, पेद्रूच्या आणि यमुनेच्या डोक्यावर वाढलेल्या पट्टीच्या रूपाने. शिवाय गोवं गेलं म्हणून पोर्तुगीज नाहीसे होत नाहीत. खऱ्या इतिहासात त्यांची वसईसुद्धा १७३९ पर्यंत टिकली. तुझ्या वहीत ते १६८४ नंतर जवळजवळ दिसतच नाहीत. दारूगोळ्यासाठी, जहाजांसाठी, तांडेलांसाठी मराठ्यांना त्यांच्याशी व्यवहार करावाच लागेल, आणि तो कोणालाच आवडणार नाही.

भाषेचं. इथे तुझ्या हाती मोठं घबाड आहे आणि तुझं लक्ष गेलेलं नाही. कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असं फर्मान निघालं २७ जून १६८४ ला, आणि ते काढणारा तोच विजरई, आल्व्होर. तुझ्या जगात त्या जूनमध्ये तो गोव्यात नाही. ते फर्मान निघतच नाही. मग पेद्रूच्या नातवंडांची भाषा काय असेल? १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. म्हणजे पेद्रूच्या घरात येशूच्या जन्माच्या ओव्या पाठ असणार, आणि यमुनेच्या घरात कृष्णजन्माच्या, आणि छंद तोच. या दोघांना एकदा एकमेकांच्या ओव्या ऐकू देत. वर "दाखवायचंय" असं काही लिहू नकोस, नुसत्या ऐकू देत.

तेव्हा निवेदन मराठीत ठेव आणि माणसांच्या तोंडी कोकणी दे. लहान वाक्यं, पुण्यातल्या वाचकालाही संदर्भाने लागतील अशी. तळटिपा नकोत. महाजनांची बैठक मात्र मराठीत भरू दे, कागदावर मराठी आणि उंबऱ्याच्या आत कोकणी, आपल्या घरांत आजही तसंच चालतं. पोर्तुगीजांकडून आलेले शब्द बेधडक ठेव. १५१० पासून पावणेदोनशे वर्षं झाली होती, चावी, पगार, पाव, काजू हे तोवर रुळायला पुरेसा काळ गेला होता. मांडो हे गाणं आणि तियात्र हे कोकणी नाटक तुझ्या जगात जन्माला येणार नाहीत, तियात्र तर १८९२ चं, तेही मुंबईतलं. त्यांच्या जागी काय येईल हे तिसऱ्या-चौथ्या भागात शोधायला मजा येईल. सातव्या प्रकरणात यमुना पाहुण्याला चहा देते, तो काढ. गूळपाणी दे.

तुझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. मुलांसमोर उभं राहणाऱ्या माणसाला ती भीती वाटणारच. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं दे, "प्रत्यक्षात काय घडलं" अशी, तारखांसकट, कुठल्या ओळीपासून तू वाट सोडलीस ते स्वच्छ सांगणारी. आणि जमलं तर नववीच्या वर्गात एकदा विचारून बघ: शाहआलम दीड महिना उशिरा आला असता तर? उत्तर द्यायला मुलांना शाहआलम कोण, रामघाट कुठे, जुवे कुठे, हे सगळं शोधावं लागेल. ते सहकारी वर्गाच्या दारात उभे राहून ऐकतील असं बघ.

पहिला भाग प्रकाशकांना आत्ता देऊ नकोस. एकदा छापला की त्यातली प्रत्येक गोष्ट पक्की झाली. दहावं आणि अकरावं प्रकरण लिहिताना तुला पहिल्या भागात मागे जाऊन पेद्रू पेरावा लागेल, एका ओळीत का होईना, जुव्याच्या पलीकडे पाणी भरणारा, नाहीतर होडी ओढणारा. दुसऱ्या भागाचा पहिला खर्डा होऊ दे, मग दे. प्रकाशकांना तसं मोकळेपणी कळव. थांबायला सांगितलं म्हणून चांगला प्रकाशक पळत नाही.

पुढे जातेयस की नाही हे पानांवर मोजू नकोस. आठवड्याच्या शेवटी स्वतःला विचार, या आठवड्यात मी एखाद्या माणसाबाबत असं काही ठरवलं का जे आता मागे घेता येणार नाही? यमुनेने दार लावलं, म्हातारा बैठकीतून उठून गेला, पेद्रूने मानशीचं दार उघडं ठेवलं. असं एक जरी झालं असेल तर तू पुढे आलीस. वहीत सुभेदार बदलता येतो, उद्या पुन्हा बदलता येतो, म्हणून तिथे तुला सुरक्षित वाटतं. वही फेकू नकोस. दोरीने बांधून दुसरा भाग होईपर्यंत यजमानांच्या ताब्यात दे. त्यांनी विचारलेला प्रश्न प्रेमाचा होता.

आता काम सांगते. एका रविवारी बोरीचा पूल ओलांडून कुठ्ठाळीला जा. जुन्या जागेपाशी जा, मग खाली नदीकडे उतर. जुवारीच्या काठावर पाणी वर चढताना किंवा उतरताना तासभर बस, घड्याळ बघून. पाणी किती वेळात कुठल्या दगडापर्यंत आलं ते लिही. देव १५६० ला याच पाण्यावरून गेला, आणि तुझ्या कथेत परत आला तर याच पाण्यावरून येईल. होडीला भरती हवी की ओहोटी, रात्र हवी की पहाट, हे तुला तिथे बसल्यावर कळेल. जुव्याच्या रात्रीचीही तिथी पंचांगाच्या गणिताने काढून घे. पहिल्या भागात तू तिथे चांदणं घातलंय, असं पहिल्या प्रकरणातल्या यमुनेच्या आठवणीवरून दिसतं. चंद्र किती वाजता मावळला ते आधी बघ, मग चांदणं ठेवायचं की नाही ते ठरव.

परत आलीस की दुसऱ्या दिवशी पहाटे, वही न उघडता, यमुनेला तिथेच उभी कर. बुधला अर्धा भरलाय. या वेळी तिला बाहेरचे शब्द ऐकू येऊ देत. पहिलं वाक्य त्या म्हाताऱ्याचं असू दे.

दहावं प्रकरण झालं की पाठव. मी वाट बघते.

तुझी,
ताई